पाणी उतरेपर्यंत जागेवरच

या ग्रुपवर मी आजवर नुसती वाचत आलेय. चिंचेखालची बाई, बंद खोलीतली पावलं... वाचायचं, हसायचं आणि झोपायचं. माझा नवरा सॅव्हियो म्हणतो, "लॉर्ना, तुझ्यासमोर भूत आलं तरी तू आधी त्याचं आयडी कार्ड मागशील." खोटं नाही ते. आम्ही वसईचे कॅथलिक. देवावर श्रद्धा आहे, रविवारचं चर्च चुकवत नाही, पण त्यापलीकडच्या गोष्टींना मी कधी दारात उभं केलं नाही. माझा पेशाच तसा आहे. कोणी काही सांगितलं की माझा पहिला प्रश्न — कोणी पाहिलं? कुठून पाहिलं? दुसऱ्या कोणी पाहिलं का?

म्हणून हे लिहायला मला इतका वेळ लागला. डोळ्यांनी पाहिलेलं काहीच नाही यात. ऐकलेलं आहे. आणि ऐकणारी मी एकटी नव्हते.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही ऑस्ट्रेलियात डार्विनला राहतो. सॅव्हियो हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर, म्हणजे एक्स-रे काढणारा. मी इथे बरीच वर्षं वादळ-पुराच्या वेळी मदत हलवणाऱ्या सरकारी विभागात होते. तिथून एका आंतरराष्ट्रीय शांतता मोहिमेत जॉइंट ऑपरेशन्स सेंटरची प्रमुख म्हणून माझी निवड झाली. देश आफ्रिकेतला, नाव सांगत नाही. जॉइंट ऑपरेशन्स सेंटर म्हणजे मोहिमेची कंट्रोल रूम. सैनिक, पोलीस, डॉक्टर, हेलिकॉप्टर, ट्रक — कोण कुठे आहे, कुठे निघालंय, वाटेत काय आहे, हे सगळं त्या एका खोलीत कळलं पाहिजे. एसटीचा कंट्रोलर आणि लग्नघरातली मोठी काकू, दोघांचं काम एकत्र केलं की जे होईल ते. वसईच्या मराठी शाळेत शिकलेली मी, आणि माझ्या खोलीत चौदा देशांची माणसं माझ्या शब्दावर हलत होती. अभिमान वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

त्या खोलीत मी नियमांच्या बाबतीत खडूस होते. पहिला नियम — रीडबॅक. रेडिओवर हुकूम ऐकला की ऐकणाऱ्याने तो आपल्या तोंडाने परत म्हणायचा. परत म्हटला नाही, तर हुकूम पोचलाच नाही असं धरायचं. दुसरा नियम मी डार्विनहून नेलेला. रस्त्यावर पाणी असेल आणि तळ दिसत नसेल, तर चाक पाण्यात घालायचं नाही. मागे कोणीही हॉर्न वाजवो. आणि तिसरा — रेडिओवर फक्त इंग्रजी. सगळ्यांना सगळं कळलं पाहिजे, म्हणून.

हा तिसरा नियम मला एकदा आपल्याच माणसावर चालवावा लागला. भारतीय तुकडीत मेजर निकम म्हणून होते, कराडकडचे. झुपकेदार मिशा, आवाज खणखणीत. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यांना इतका आनंद झाला की दुसऱ्याच दिवशी ताफा घेऊन जाताना त्यांनी रेडिओवरून विचारलं, "मॅडम, जेवलात का?" सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. मी इंग्रजीत ठणकावून सांगितलं की या चॅनलवर मराठी चालणार नाही, आज नाही आणि कधीच नाही. संध्याकाळी भेटून म्हटलं, "मेजर, राग मानू नका. कँटीनमध्ये वाट्टेल तितकं मराठी बोला. रेडिओवर मी तुमची कोणी नाही." ते म्हणाले, "कळलं मॅडम. पुन्हा नाही होणार." आणि खरोखर पुन्हा कधी झालं नाही.

आता त्या दिवसाकडे येते.

मी रजेवर डार्विनला आले होते. भर पावसाळा. इथे वेट सीझन म्हणतात, आणि नाव अगदी शोभतं. घरी आले खरी, पण जीव तिकडे टांगलेला. कारण निघण्यापूर्वी मीच आखलेली एक मोहीम मी नसताना पार पडणार होती. नदीपलीकडच्या एका गावातल्या दवाखान्यात बाळंतपणाला आलेल्या बायका, तान्ही मुलं आणि काही जखमी माणसं अडकली होती. बंदूकवाल्यांची एक टोळी त्या गावाकडे सरकत होती. मेजर निकमांचा ताफा संध्याकाळी गावात पोचणार, रात्र काढणार आणि उजाडता उजाडता सगळ्यांना ट्रकमध्ये घालून नदी ओलांडून परत येणार. नदीवर मोठा पूल नव्हता, फरशी होती. पाण्याच्या जेमतेम वर असलेला काँक्रीटचा बुटका रस्ता. माझ्या जागी माझा डेप्युटी बसणार होता, क्वामे. घानाच्या सैन्यातला लेफ्टनंट कर्नल, शांत माणूस. तो मला विमानतळावर म्हणाला होता, "घरी जाऊन जेव. फोन करू नकोस. काही झालं तर मी करेन."

मी फोन केला नाही. पण त्या दुपारी, म्हणजे तिकडची पहाट, मी स्वयंपाकघरात इतक्या फेऱ्या मारल्या की सॅव्हियो ड्युटीला निघता निघता म्हणाला, "तू इथे राहिलीस तर कुकरलाही रीडबॅक द्यायला लावशील. कायराला घेऊन बाहेर जा कुठेतरी."

कायरा आमची मुलगी. तेव्हा ड्रायव्हिंग शिकत होती, गाडीवर पिवळी एल प्लेट लावून. रविवारी चर्चमधली काही कुटुंबं आमच्याकडे जेवायला यायची होती आणि मला केळीची पानं हवी होती. शहराबाहेर हम्प्टी डू नावाच्या गावाच्या पुढे आमच्या ओळखीच्या एका बाईंचा मळा आहे. म्हटलं, चला. सॅव्हियोची जुनी यूट घेतली — मागे उघडा हौदा असलेली गाडी. कायरा चालवायला, मी शेजारी. या गाडीत यूएचएफ रेडिओ आहे. इथे शहराबाहेर जाणारे बरेच जण तो ठेवतात, पुढच्या-मागच्या ट्रकवाल्यांशी बोलायला. जवळपासच्या जवळपास ऐकू जातो, लांब नाही.

हायवे सोडून आतल्या रस्त्याला लागलो तेव्हा पाऊस थांबला होता. आभाळ मात्र तसंच काळं. आमच्या मागे मुरूम भरलेला एक टिपर लागला होता, बराच जवळ. मळ्याच्या अलीकडे एक ओढा आडवा येतो आणि त्यावर अशीच एक छोटी फरशी आहे. उतारावरून बघितलं तर फरशीवरून पाणी चाललेलं. कडेचा पाण्याची उंची दाखवणारा खांब अगदी थोडासा बुडालेला. समोरून एक फोरव्हील ड्राइव्ह आरामात पाणी उडवत आली आणि निघून गेली.

"मम, इट्स नथिंग. ही जस्ट डिड इट," कायरा म्हणाली.

मी रेडिओचा माईक हातात घेतला होता, मागच्या टिपरवाल्याला सांगायला, की बाबा, पुढे शिकाऊ ड्रायव्हर आहे, आम्ही थांबतोय. बटण दाबलं. तेवढ्यात कायराने ब्रेकवरचा पाय काढला आणि गाडी पाण्याकडे सरकायला लागली. टिपरवाला राहिला बाजूला... बटण तसंच दाबलेलं, आणि माझ्या तोंडून निघालं —

"थांब बाळा. पुढे जाऊ नको. तळ दिसत नाही."

ओरडले नाही मी. कंट्रोल रूममधला माझा आवाज होता तो, सपाट. माझा मलाच ओळखू आला. कायराने करकचून ब्रेक दाबला. पुढची चाकं पाण्याच्या काठावर. मी बटण सोडलं.

आणि रेडिओतून उत्तर आलं.

"थांबलो. पाणी उतरेपर्यंत जागेवरच. ओव्हर."

पुरुषाचा आवाज. मराठी. आधी थोडी खरखर, पण शब्द न् शब्द स्वच्छ. मागे कुठेतरी तान्हं मूल रडत होतं.

 मी पुन्हा बटण दाबून विचारलं, "कोण बोलतंय?" मराठीत, मग इंग्रजीत. नुसती खरखर.

"मम, दॅट वॉज मराठी, राइट?" कायरा म्हणाली. "हू इज ही?"

"असेल कोणीतरी ट्रकवाला," मी म्हटलं. आणि मला तसंच वाटलं, अगदी मनापासून. या बाजूला आपली मुलं ट्रक चालवतात. असेल एखादा पुण्याचा नाहीतर नाशिकचा, माझं ऐकलं असेल आणि गंमत केली असेल.

गाडी मागे घेऊन बाजूला लावली. टिपरही थांबला होता. मी उतरून त्याच्याकडे गेले. चांगला साठीचा गोरा माणूस, शॉर्ट्स आणि रबरी चपला. मी विचारलं, रेडिओवर ऐकलं का? तो म्हणाला, "तुझं ऐकलं, लव्ह. भाषा कळली नाही, पण पोरीला थांबवतेयस ते कळलं. गुड कॉल."

"आणि दुसरा आवाज?"

"कुठला दुसरा?"

त्याच चॅनलवर होता तो, आमच्यापासून चार पावलांवर. माझं बोलणं त्याला ऐकू गेलं आणि उत्तर गेलं नाही. हे मला तेव्हाही खटकलं, पण तेवढंच.

पाणी ओसरायची वाट बघत आम्ही गाडीतच बसलो. कायरा फोनशी खेळत होती, रेंज नव्हती तरी. मधेच म्हणाली, "व्हॉट्स उतरेपर्यंत? त्या अंकलनी म्हटलं ना, पाणी उतरेपर्यंत." मी अर्थ सांगितला. आपली मराठी कच्ची म्हणून तिने तो शब्द दोन-तीनदा घोळवून म्हटला. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझा सगळा आधार तिच्या या प्रश्नावर आहे. मी एकटीने ऐकलं असतं तर माझ्या कानांवर मीच विश्वास ठेवला नसता.

मळ्याला गेलोच नाही, परत फिरलो. हायवेवर रेंज आली आणि फोन वाजायला लागला. क्वामेचे मेसेज होते. मी कायराला गाडी कडेला घ्यायला लावली. पहिला मेसेज — तिकडे वादळ आहे, ताफ्याशी संपर्क तुटलाय. दुसरा — ठरलेल्या वेळी ताफ्याचा आवाज आला नाही, हेलिकॉप्टर तयार ठेवलंय. त्यानंतर काही नाही.

 मीच आखलेला रस्ता होता तो. गावातून निघायचं आणि फरशीवर रेंगाळायचं नाही, टोळी मागे असेल, झटकन पार व्हायचं, हेही मीच लिहून दिलेलं. डोळ्यांसमोर त्या ट्रकमधल्या बायका आल्या आणि मी तिथेच, हायवेच्या कडेला बसून, 'नमो मरिया' म्हणायला लागले. कायराने गाडी बंद केली आणि माझा हात धरून बसली. माझं काम म्हणजे नेमकं काय, हे तिला त्या अर्ध्या तासात कळलं असावं. एरवी तिच्या लेखी मम म्हणजे ख्रिसमसला नसणारी बाई.

मग क्वामेचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत.

"सगळे जिवंत आहेत," तो आधी तेवढंच म्हणाला. मला काय ऐकायचंय ते त्याला ठाऊक होतं. मग बाकीचं सांगितलं. वादळात रेडिओ गेल्यावर त्याने ठरल्याप्रमाणे हेलिकॉप्टर पाठवलं. ताफा फरशीच्या गावाकडच्या बाजूला उभा सापडला. फरशीवरून गुडघाभर पाणी, वरून बघता अगदी साधं. पण मधला सगळा भाग रात्रीच्या लोंढ्याने वाहून गेला होता आणि वरून पाणी वाहत असल्यामुळे काठावरून ते कळायला मार्गच नव्हता. पुढचा ट्रक दिसायच्या आत गेला असता. त्याच ट्रकमध्ये बाळंतिणी होत्या. हेलिकॉप्टरने त्यांना आणि जखमींना आधी उचललं. टोळी ताफ्यापर्यंत पोचू नये म्हणून क्वामेने दुसऱ्या तुकडीला मधल्या वाटेवर उभं केलं. बाकीची माणसं पाणी उतरल्यावर वरच्या उथळ जागेतून पायी पार झाली. मला न विचारता, एकही चूक न करता, माझ्या खोलीने हे सगळं निभावलं होतं. मी फोनवर रडले. क्वामे म्हणाला, "आता तरी जेव."

त्या दिवशी मी दोन गोष्टी जोडल्याच नव्हत्या. जोडाव्यात असं वाटायलाही कारण नव्हतं. तिकडे ताफा थांबला, कारण तळ दिसत नव्हता आणि मेजर निकम नियमाचे पक्के. मी इकडे तोच नियम मुलीला सांगितला. संपलं.

दुसऱ्या दिवशी मेजरनी सॅटेलाइट फोनवरून मला घरी फोन केला. मी जेवणाच्या टेबलावर, समोर कायरा आणि सॅव्हियो. फोन स्पीकरवर.

"मॅडम, आभार मानायला फोन केला," ते म्हणाले. "तुम्ही थांबवलं नसतं तर मी गाडी घातली असती. मागून गोळीबार ऐकू येत होता. पाणी फार दिसत नव्हतं. मी ड्रायव्हरला 'चल' म्हणालो होतो."

"मी थांबवलं? मेजर, मी डार्विनला आहे. आपला संपर्क तुटलेला होता."

"तेच तर. रेडिओ रात्रीपासून मेलेला. आणि अचानक तुमचा आवाज, एकदम क्लिअर. पुढे जाऊ नको, तळ दिसत नाही. मी ताबडतोब रीडबॅक दिला."

कायराने चमचा खाली ठेवला.

मी विचारलं, "काय रीडबॅक दिलात? जसाच्या तसा सांगा."

"थांबलो, पाणी उतरेपर्यंत जागेवरच, ओव्हर."

"मम," कायरा म्हणाली. सॅव्हियो तिच्याकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. त्याला आम्ही आदल्या दिवशीच त्या मराठी ट्रकवाल्याची गंमत सांगितली होती, आणि 'उतरेपर्यंत' शिकल्याबद्दल त्याने लेकीला शाबासकीही दिली होती.

मी मेजरना म्हटलं, "मराठीत ऐकू आलं? माझा नियम तुम्हाला माहीत आहे. कोणी तुम्हाला फसवायला बोलतंय, असं नाही वाटलं?"

"उलट झालं मॅडम," ते म्हणाले. "तुम्ही रेडिओवर मराठी बोलणार नाही, हे मला पक्कं माहीत. म्हटलं, या बाई मरतील पण नियम मोडणार नाहीत. ज्याअर्थी मोडला, त्याअर्थी पुढे काहीतरी भयंकर आहे. म्हणून विचारत बसलो नाही. थांबलो."

नंतर मी चौकशी करायची ती सगळी केली. क्वामे त्या पहाटे स्वतः खुर्चीत बसून होता. कंट्रोल रूममधून कोणी बोललं नव्हतं, मराठीत तर नाहीच. मोहिमेत मराठी येणारी बाई मी एकटी. इथे आमच्या ओळखीत रेडिओचं काम करणारा एक जण आहे, त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या यूटचा रेडिओ आणि त्यांचा रेडिओ यांची जातच वेगळी, आणि मधे अख्खा हिंदी महासागर. काहीही केलं तरी शक्य नाही. डार्विनच्या बाजूला ट्रक चालवणारी जी काही मराठी मुलं आहेत त्यांनाही विचारून झालं. त्या दुपारी त्या रस्त्याला कोणीच नव्हतं.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या इकडची ती ओढ्यावरची फरशी... ती शाबूत होती. पाणी उतरल्यावर लोक तिच्यावरूनच ये-जा करायला लागले. कायरा गेली असती तर बहुधा काहीच झालं नसतं. तिला थांबवायची गरज नव्हती.

रजा संपवून मी परत गेले. मेजर निकम भेटायला आले ते भर दुपारी, कँटीनमध्ये, बरोबर चहा घेऊन. त्या दिवशी वाचलेल्या एका बाळाचा फोटो दाखवला. इकडचं तिकडचं बोलून झालं तरी उठेनात. कप फिरवत बसले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. फोनवर तुमच्या घरचे होते म्हणून बोललो नाही. इथेही कोणाला सांगितलेलं नाही."

"विचारा ना."

"तुम्ही मला नुसतं 'थांब' नव्हता म्हणाला." त्या मिशांखाली माणूस चक्क लाजला होता. "'थांब बाळा' म्हणाला होता. माझी आई गेल्यापासून मला कोणी बाळा म्हटलेलं नाही."

तो शब्द मी सांगितला नव्हता, ना क्वामेला, ना फोनवर यांना. तो माझ्या आणि कायराच्यात होता, त्या यूटमध्ये.

मी काय सांगणार होते? मुलीला म्हटलं होतं, तुम्हाला नाही — असं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो मेजर. म्हणाले होते."

माझी नेमणूक आता संपली. डार्विनला परत आलेय, कायरा एकटी गाडी चालवते आणि फरशीवर पाणी दिसलं की मला फोन करून रीडबॅक देते, चिडवायला. रेडिओवर फक्त इंग्रजी, हा नियम मी शेवटपर्यंत बदलला नाही. माझ्या जागी आलेल्या माणसालाही तोच सांगून आलेय. त्या दुपारबद्दल मी एवढंच सांगू शकते, की माझं म्हणणं पोचलं होतं. रीडबॅक आला होता. आणि माझी सगळी लेकरं पाण्याच्या काठावर, जागेवरच उभी होती.